आधी कागद, मग बटण

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आडपडदा न ठेवता सुरुवातीलाच सांगते: मला फसवलं गेलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या, माझ्या घरी कितीदा तरी जेवलेल्या मुलीनं माझा केसानं गळा कापला. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड आता. का म्हणून सोडू? त्यांचं काय गेलं?

मी गणिताची लेक्चरर. घर कसब्यात, कॉलेज नदीपलीकडे, भरभर चाललं तर वीस मिनिटं. मी नोकरीला लागले तेव्हा शेवटच्या वर्षाच्या वर्गात मुलं खिडकीत बसायची. मग देशाची दारं उघडली म्हणतात तसं झालं. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, झेरॉक्सच्या दुकानांवर ‘सी शिका, अमेरिकेला जा’ अशा पाट्या लागल्या आणि आमचा वर्ग बघता बघता ओस पडला. एका वर्षी शेवटच्या वर्षाला गणित घेणारी मुलं होती सात. त्यातलं एक तर वर्षभर कुणाला दिसलंच नाही.

कॉलेजात माणसाची किंमत वर्कलोडवर ठरते. आठवड्याला ठरलेले तास भरले पाहिजेत; नाही भरले तर तुम्ही जास्तीच्या. जास्तीच्या माणसाला खाली ज्युनिअर कॉलेजला पाठवतात, अकरावी-बारावीला. त्यात काही कमीपणा नाही असं सगळे म्हणतात, आणि स्वतःवर वेळ आली की रजेवर जातात. आमचे विभागप्रमुख एक दिवस मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमचे निम्मे तास आता एकाच पेपरवर उभे आहेत. तेवढा सांभाळा. तो गेला की तुम्ही गेलात."

तो पेपर म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सचं गणित. कॉम्प्युटरच्या नव्या पदवीला तो होता आणि कॉम्प्युटर विभागाकडे शिकवायला माणूस नव्हता, म्हणून आमच्या पदरात पडला होता. आज ना उद्या ते लोक तो परत मागणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

विषय ऐकून घाबरू नका. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे असतात, आडवं किती आणि वर किती. चित्र मोठं करायचं असेल, फिरवायचं असेल, तर प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यांना आकड्यांच्या एका चौकोनानं गुणायचं. त्या चौकोनाला मॅट्रिक्स म्हणतात. बस्स, एवढंच. पण मुलं तेवढंही समजून घ्यायची नाहीत. चित्र फिरवायच्या चौकोनात एक मायनस असतो, तो कुठल्या कोपऱ्यात लिहायचा हे पाठ. तो तिथे का बसलाय असं विचारलं की सगळा वर्ग बाकाकडे बघायचा.

मला त्या खाली घातलेल्या मानांचा भयंकर राग यायचा. शेवटी एकोणचाळिसाव्या वर्षी मी संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. माझ्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि दोन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या, दोन मेच्या सुट्ट्या, आणि नवऱ्याच्या हातच्या असंख्य खिचड्या. तो जेवायला वाढताना म्हणायचा, "कॉम्प्युटरला पण वाढू का थोडी?"

प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या डाव्या अंगाला एक किटली होती, चहाची. किटलीच का, तर तिला एका बाजूला तोटी असते आणि दुसऱ्या बाजूला कान, त्यामुळे ती कुठे वळली ते पटकन दिसतं. उजव्या अंगाला मॅट्रिक्सचे आकडे. आकडा बदलून बटण दाबलं की किटली फुगायची, चपटी व्हायची, गर्रकन फिरायची. तोटी खाली गेली की मुलं ओरडायची, "मॅडम, चहा सांडला!" ज्या वर्गात जांभयांशिवाय आवाज नव्हता तिथे हा गोंधळ. माझं नाव किटली मॅडम पडलं. पडू दे म्हटलं. उत्तर चुकलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटायची: ‘पुन्हा विचार करा. घाई कुठे आहे?’ ती लिहिताना मला फार मजा आली होती.

आणि एक नियम केला होता. आधी कागद, मग बटण. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो कायमचा लिहून ठेवला होता. बटणाला हात लावण्याआधी ग्राफ पेपरवर स्वतः गुणाकार करायचा, किटली कुठे जाईल ते काढायचं, आणि मगच पडद्यावर ताडून बघायचं. दोन्ही जर्नलमध्ये लावायचं, मी लाल शाईनं तपासून सही करणार. तर पुण्यातली पोरं ती! आधी बटण दाबून किटली बघायची आणि मग गुणाकाराचा नुसता आव आणून तीच कागदावर उतरवायची. मला कळत नव्हतं असं नाही. पण साठ जर्नलं, सबमिशनची तारीख डोक्यावर, वर प्राचार्यांच्या चिठ्ठ्या. मी चित्र बघायची, बरोबर असलं की सही ठोकायची.

पहिल्या पडद्यावर मी फक्त कॉलेजचं नाव घातलं. घरातल्या वाटी-चमच्यावरही नाव घालून घेणारी मी, पण इथे स्वतःचं नाव टाकायला उगाच संकोच वाटला. "मॅडम, तुमचं नाव टाका की," असं मला एकाच व्यक्तीनं सांगितलं. त्याच मुलीची ही गोष्ट.

ती पहिल्याच बॅचमधली. कात्रजच्या पलीकडचं त्यांचं गाव नुकतंच शहराला चिकटलं होतं. वडिलांनी थोडी जमीन बिल्डरला दिली होती, उरलेल्यात चार म्हशी. सकाळी दुधाच्या टेम्पोत बसून ती स्वारगेटपर्यंत यायची आणि तिथून बसनं कॉलेजला. सगळ्यांच्या आधी लॅबच्या दारात उभी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "गणित आवडतं?" तर म्हणाली, "आवडतंय की. सोपं हाय." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी त्याला बाहेर काढलं आणि मग तिला म्हणाले, "सोपं आहे. हाय नाही, आहे." तिनं मान हलवली. महिनाभरात तिच्या तोंडून ‘हाय’ गेलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, आता सांगायला काय हरकत आहे.

साठ जणांत माझा नियम प्रामाणिकपणे पाळणारी ती एकटी. तिच्या ग्राफ पेपरवर खोडाखोड असायची, कोपऱ्यात बारीक अक्षरांत गुणाकार असायचे. एक दिवस ती जर्नल घेऊन स्टाफरूममध्ये आली. किटली फिरवण्याचा धडा चालू होता.

"मॅडम, माझं उत्तर जुळत नाही. तुमच्या मॅट्रिक्सनं गुणलं की तोटी खाली जाते. पडद्यावर मात्र वर जाते."

"गुणाकार चुकला असेल."

"तीनदा केला."

"मग तीनदा चुकला."

"नाही मॅडम, मायनस वरच्या ओळीत घेतला की बरोबर जुळतं. हे बघा, खाली करून दाखवलंय."

माझ्यापुढे जर्नलांचा ढीग होता आणि शेजारी दोन सहकारी कान टवकारून बसले होते. मी कपाटातून पुस्तक काढलं, परदेशी लेखकाचं, जाडजूड, आणि पान उघडून तिच्या पुढ्यात आपटलं. "वाच. मायनस कुठे आहे? खाली. तू शहाणी की पुस्तक शहाणं?" मी तिच्या पानावर लाल फुली मारली आणि लिहिलं: ‘चूक. पुस्तक बघा. पुन्हा काढा.’ खाली सही केली. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा काढून आणलं, मी सही केली आणि विषय संपला.

मी त्या मुलीसाठी काय केलं नाही? पुढच्या शिक्षणाचा अर्ज मी भरून घेतला. आमच्याकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे, अशी जागा निघाली तेव्हा तिच्यासाठी प्राचार्यांशी मी भांडले. मुलाखतीला माझी इरकली नेसून गेली, निऱ्या मी घालून दिल्या. मग वर्षभर आमची टेबलं शेजारी शेजारी होती. दुपारचा डबा एकत्र. तिच्या घरचं तूप माझ्याकडे, माझ्याकडचे लाडू तिच्याकडे. माझं नाव घातलेला स्टीलचा एक डबा तर कायम कात्रजलाच असायचा. नवरा म्हणायचा, "दत्तक घेऊन टाक एकदाची." मी हसायची, पण ते मला मनातून आवडायचं.

प्रोग्रॅम मी तिच्या हवाली केला तो त्याच वर्षी. म्हणाली, "मॅडम, आता सगळीकडे माऊस आलाय, रंग आलेत. आपली किटली जुनी दिसते. मी बघू का जरा?" मी कपाटातून दोन फ्लॉप्या काढून तिच्या हातात दिल्या. सगळा प्रोग्रॅम होता त्यात, ओळ न् ओळ. "जप हं," एवढंच म्हणाले. आपल्या मुलीला दागिना देताना कुणी पावती लिहून घेतं का?

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. विद्यापीठाच्या परीक्षेत आमच्या मुलांचे मार्क एकाच प्रश्नात कापले जात होते. बिंदू अमुक कोनातून फिरवा, नवी जागा काढा, असा सरधोपट प्रश्न. बाकी पेपर छान, आणि तिथे भोपळा. दर वर्षी तेच. पोरं रडकुंडीला येऊन सांगायची, "मॅडम, तुम्ही शिकवलंत तस्संच लिहिलं होतं." माझं डोकं फिरलं. आमच्या कॉलेजवर कुणीतरी डूख धरलाय, याबद्दल माझी खात्रीच झाली. मी विद्यापीठाला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. ‘परीक्षकांना विषयाचे प्राथमिक ज्ञान तरी आहे काय’ इथपर्यंत मजल गेली. मी येरझाऱ्या घालत तोंडानं सांगत होते आणि ती समोर बसून टाईप करत होती. शेवटी विचारलं, "जास्त कडक होतंय का गं?" ती पडद्याकडे बघत म्हणाली, "नाही मॅडम, ठीक आहे." मी सही केली. टपालात तिनंच टाकलं. उत्तर आलं नाही.

वर्ष संपलं तशी तिला डोंगरापलीकडच्या एका नव्या खाजगी संस्थेत पूर्ण वेळची नोकरी लागली, कॉम्प्युटर विभागात. शिफारसपत्र अर्थात माझं. पेढे घेऊन आली, पाया पडली. फ्लॉप्यांचं विचारलं तर म्हणाली, "अजून काम चालू आहे, मॅडम. झालं की आणून देते."

आणि मग ती वेळ आलीच. विद्यापीठानं अभ्यासक्रमासाठी एक समिती नेमली. ग्राफिक्सच्या गणिताचा पेपर गणितवाल्यांनी शिकवायचा की कॉम्प्युटरवाल्यांनी, आणि प्रॅक्टिकलला सगळ्या कॉलेजांनी कोणता प्रोग्रॅम वापरायचा, हे एकाच बैठकीत ठरणार होतं. ज्यांच्याकडे काही आहे त्यांनी येऊन दाखवावं, अशी नोटीस निघाली. विभागप्रमुख म्हणाले, "जा मॅडम, तुमची किटली घेऊन जा. आता सगळं तिच्यावर आहे." बैठकीच्या आदल्या रविवारी ती मुलगी घरी आली होती. मी थालीपीठं लावली. तिनं विचारलं, "तुम्ही काय काय दाखवणार आहात?" मी वेड्यासारखं सगळं सांगितलं. आधी मोठं-लहान करणं, मग फिरवणं, मग मुलांच्या जर्नलांचे नमुने. ती ऐकत होती. आपणही दाखवणार आहोत, असं एका शब्दानं बोलली नाही. दोन थालीपीठं खाल्ली आणि लोणी मागून घेतलं.

बैठकीला मी पोचले तर ती तिथे. मला वाटलं, माझ्या मदतीला आली. खरंच असं वाटलं मला! मी हात केला, तिनं उठून मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, कानानं जरा कमी, पण नजर तल्लख. त्यांनी यादी वाचली आणि पहिलंच नाव तिचं घेतलं.

तिनं प्रोग्रॅम चालू केला. निळा पडदा, माऊसचा बाण, आणि मधोमध एक विमान. संस्थेचं नाव, खाली ठळक अक्षरांत तिचं स्वतःचं. मी कौतुकानं बघत होते. वाटलं, पोरीनं आपलं काहीतरी वेगळं केलंय, आणि मला न सांगता केलंय याचा थोडा रुसवाही आला. मग धडे सुरू झाले. आधी मोठं-लहान, मग चपटं, मग फिरवणं. तोच क्रम. उदाहरणातले आकडे सात आणि बारा. सात डिसेंबर हा माझ्या लेकीचा वाढदिवस. माझ्या किटलीचा बुडाचा कोपरा मी तिथे ठेवला होता. तरी मन म्हणत होतं, असेल, योगायोग असेल. तेवढ्यात तिनं मुद्दाम एक चुकीचं उत्तर भरून दाखवलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली: ‘थिंक अगेन. व्हेअर इज द हरी?’

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "हा प्रोग्रॅम माझा आहे," मी म्हणाले. आवाज चांगलाच चढला होता, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"शांत व्हा, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडे काही आहे का दाखवायला?"

आहे का म्हणे! मी लॅबमधल्या प्रतीची माझी फ्लॉपी घातली, किटली काढली. तेच धडे, तेच आकडे, तीच ओळ. सभागृहात कुजबुज झाली. फिरवण्याच्या धड्याशी आल्यावर अध्यक्षांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "साम्य तर उघड आहे. एकीनं दुसरीचं घेतलंय. प्रश्न एवढाच की मूळ कुणाचं." मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, मॅडमचंच आहे, मी फक्त रंग दिले. माझं तेवढ्यावरही भागलं असतं. दोघींची नावं घातली असती, मीच घातली असती.

ती उठली, पिशवीतून एक जुनं जर्नल काढलं आणि अध्यक्षांच्या पुढे ठेवलं.

"सर, मॅडमनी मला शिकवलं, ते मी कधीच नाकारणार नाही," ती म्हणाली. भाषा अगदी स्वच्छ, एकही शब्द घसरला नाही. "पण हा प्रोग्रॅम मूळ त्यांचा असेल तर तो बरोबर कसा चालतो? त्यांचं फिरवण्याचं मॅट्रिक्सच चुकीचं आहे. मायनस वर हवा, तो खाली आहे. मी विद्यार्थिनी असताना बरोबर लिहिलं होतं. मॅडमनी ते लाल शाईनं कापलं. ही त्यांची सही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला, जर्नल बघितलं, मग पडद्यावरच्या माझ्या किटलीकडे बघितलं. खिशातून पेन्सिल काढली आणि समोरच्या कागदाच्या पाठीवर शांतपणे गुणाकार करायला लागले. त्या दोन मिनिटांत मला सगळं आठवलं. जन्मभर मी मायनस वरच लिहीत आले होते. प्रोग्रॅम लिहिताना तसाच लिहिला, तर पडद्यावर किटली उलटी फिरली, चहा सांडला. का, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडे कागदासारखे खालून वर नाही, वरून खाली मोजतात, आणि फिरवण्याच्या धड्यात ते उलटवून घ्यायचं मी विसरले होते. मी गोंधळून पुस्तक उघडलं. त्यात मायनस खाली दिसला. मी तो खाली हलवला, किटली सरळ फिरली, माझा जीव भांड्यात पडला. पण पुस्तकात ठिपक्याचे दोन आकडे आडवे, शेजारी शेजारी लिहिले होते. मी ते उभे, एकाखाली एक लिहीत होते. आडवे असले की मायनस खाली, उभे असले की वर. पहिल्या महिन्यात शिकवतात हे. मी शिकवलंय! पण चित्र बरोबर दिसत होतं, आणि मी पुन्हा कधी कागद घेतलाच नाही.

"मायनस वर हवा, मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "आणि ही सही आपलीच ना?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाकीचं अर्ध्या तासात उरकलं. गणितवाल्यांचंच गणित चुकलं, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. पेपर कॉम्प्युटर विभागाकडे गेला, विमान सगळ्या कॉलेजांत गेलं. तिनं वजाबाकीचं एक चिन्ह एका ओळीनं वर सरकवलं आणि माझी दोन वर्षं स्वतःच्या नावावर करून घेतली. जूनमध्ये मी अकरावीच्या वर्गावर होते, नव्वद मुलं, बाकावर पेनानं कोरलेले बदाम. विभागप्रमुखांनी निरोपाला नारळ दिला.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलंय. बैठक संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"चोरलंस ना? चोर. मला त्याचं काही वाटत नाही," मी म्हणाले, आणि ते धादांत खोटं होतं. "पण तुला माहीत होतं. चार वर्षं मी पोरांना उलटं शिकवत होते, त्यांचे मार्क जात होते, आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून माझे लाडू खात होतीस. ते पत्र टाईप केलंस गं तू! परीक्षकांना अक्कल नाही असं मी सांगत होते आणि तू टाईप करत होतीस. एकदा, फक्त एकदा सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

"एकदा! कधीकाळी! पुन्हा सांगता आलं नसतं?"

तिनं जर्नल माझ्यापुढे धरलं. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "पुढचं पान बघा, मॅडम."

मी पान उलटलं. तीच किटली, यावेळी मायनस खाली. गुणाकार म्हणून कोपऱ्यात काहीतरी खरडलेलं, त्याचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता. खोडाखोड नाही, चित्र सुबक, तोटी जिथे पडद्यावर जाते तिथे नेमकी. साठातल्या उरलेल्या एकोणसाठ जणांनी काढलं होतं तसंच. त्यावर माझी लाल खूण, माझी सही, आणि शेजारी माझ्या अक्षरात एक शब्द: ‘छान.’

"त्या दिवशी मला कळलं, तुमच्याकडं पास कसं व्हायचं ते," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलेलं हाय ते." मग जर्नल माझ्या हातात तसंच सोडून ती जिना उतरून गेली.

चूक माझी होती म्हणून तिची चोरी धुऊन निघत नाही. ते माझ्याकडून कुणी वदवून घेऊ नये. ती चोर होती, मी आजही तिच्या तोंडावर म्हणेन. माझा डबाही तिनं परत केला नाही. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी चपला न काढता टेबलाशी बसले. नवऱ्यानं काय झालं विचारलं, मी हातानंच थांब म्हटलं. कॉम्प्युटर लावला नाही. लेकीच्या दप्तरातून एक ग्राफ पेपर घेतला, पेन्सिलला टोक केलं आणि माझ्याच किटलीचा तो गुणाकार, प्रोग्रॅममध्ये होता तस्सा, पहिल्यांदा हातानं केला. दोन मिनिटं लागली. तोटी खाली गेली.